कौतिक मिस्तरींच्या फळीवरचे नऊ खिळे

जळगावात अजिंठा चौफुलीच्या अलीकडे, टायरच्या दुकानांमागच्या बोळात कौतिक मिस्तरींचे गॅरेज आहे. पत्र्याची शेड, गाडीखाली उतरायचा एक खड्डा आणि भिंतीवर प्लायवूडची फळी. फळीवर नऊ खिळे आहेत. गेल्या वर्षीच्या श्रावणापर्यंत या नऊ खिळ्यांवर नऊ चाव्या होत्या.

चाव्या जळगाव-भुसावळच्या नऊ घरांतल्या जुन्या गाड्यांच्या. घरचे परगावी गेले, गाडी बरेच दिवस उभी राहिली, की मिस्तरींनी जाऊन इंजिन चालू करायचे, चार पावले पुढे-मागे करायची आणि पुन्हा झाकून ठेवायची. त्यासाठी चावी त्यांच्याकडे. पावती नाही, सही नाही. बंगल्याच्या फाटकावरचा माणूस त्यांना अडवत नसे. चौरेचाळीस वर्षांत काय मिळवले असे कोणी विचारले, तर ते फळीकडे बोट दाखवत.

कौतिकभाऊ मूळचे भडगावचे. वय सदुसष्ट. धुळ्याला ट्रकच्या गॅरेजमध्ये शिकले, डाव्या कानाने तिथेच कमी ऐकू यायला लागले. स्वभावाने ते संशयी आहेत आणि हे ते लपवत नाहीत. गाडीवाला सांगतो ते ते ऐकून घेतात, मानत नाहीत. पेट्रोलच्या काट्यावर तर त्यांचा मुळीच विश्वास नाही. त्यांच्याकडे खाचा पाडलेली एक सागवानी पट्टी आहे. कुठलीही गाडी हातात आली की आधी टाकीचे झाकण उघडायचे, पट्टी आत सोडायची, ओल कुठवर आली ते पाहायचे. रस्त्यावर तपासणी करताना दर दहा किलोमीटरला थांबून पुन्हा पट्टी. गाडी किती पिते ते कळल्याशिवाय तिला काय झाले ते कळत नाही, असे ते म्हणतात.

दुसरा नियम काढलेल्या भागांचा. वॉशर असो की तुटका स्क्रू, गाडीतून निघालेली वस्तू कापडी पिशवीत घालून मालकाला परत. मालकाने ती टाकून दिली तरी चालेल, पण त्याच्या हाताने.

नऊपैकी सर्वांत जुनी चावी अमृतलालजींच्या गाडीची. अमृतलालजी डाळीचे व्यापारी, वय त्रेसष्ट, रिंग रोडवर बंगला. घराणे जैन, राजस्थानातून येऊन चार पिढ्या झाल्या. गाडी १९५४ सालची, विलायती, गडद हिरवी, चार दरवाजांची. त्यांच्या वडिलांनी मुंबईहून आणलेली. गाडीचे नाव छापू नये अशी अमृतलालजींची अट आहे. नाव कळले की पत्ता कळतो, असे त्यांचे म्हणणे.

या गाडीला पेट्रोलचा पंप इंजिनाच्या अंगाला लावलेला आहे. तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो आणि पुढे देतो. श्रावणात हा पंप ठिबकू लागला. कौतिकभाऊंनी गाडी गॅरेजमध्ये आणली, आठ दिवस ठेवली, पंप उघडला, आतला पडदा बदलला आणि रॉकेलने घासून पंप बाहेरून चकचकीत केला. एवढे चकचकीत करायची गरज नव्हती. नंतर ते स्वतःच म्हणाले, तिथेच चुकलो.

गाडी घरी गेली आणि पोर्चमध्ये उभी राहिली. पर्युषणाचे आठ दिवस ती जागची हलली नाही. संवत्सरीला अमृतलालजींनी दरवर्षीप्रमाणे सगळ्या ओळखीच्यांना मोबाइलवर क्षमायाचनेचा संदेश पाठवला. तो कौतिकभाऊंनाही आला. त्यानंतरच्या रविवारी अमृतलालजी आईला घेऊन एरंडोलला निघाले. तिथे साध्वीजींचा चातुर्मास होता. पाळधी ओलांडून गाडी चार किलोमीटर गेली, दोन आचके दिले आणि बंद पडली. वीस-पंचवीस मिनिटे उभी राहिली, मग एका फटक्यात सुरू झाली. पुढे दहा-बारा किलोमीटर गेल्यावर पुन्हा बंद.

असे तीन रविवार झाले. तिन्ही वेळा कौतिकभाऊंना फोन गेला. ते दुचाकीवरून पोहोचेपर्यंत गाडी चालू होण्याच्या अवस्थेत आलेली असे. त्यांनी आधी टाकीत पट्टी सोडली, मग बाकीचे पाहिले. पहिला संशय ठिणगी देणाऱ्या कॉइलवर. तापली की ती दगा देते, निवली की नीट वागते. दुसरी लावून पाहिली. मग कंडेन्सर. मग पेट्रोल नळीतच उकळत असेल म्हणून पंपावर ओले फडके गुंडाळले. पंप पुन्हा उघडला, पडदा शाबूत होता. प्रत्येक दुरुस्तीनंतर त्यांनी स्वतः गाडी एरंडोलपर्यंत नेऊन आणली, दर दहा किलोमीटरला पट्टी टाकत. गाडी एकदाही बंद पडली नाही. मालकाच्या हातात दिली की पाळधीच्या पुढे बंद.

अमृतलालजींचा मुलगा मनन तिशीतला. त्याने पंपाचा फोटो काढून धुळ्याच्या हितेंद्र यांना पाठवला. हितेंद्र जुन्या गाड्या गोळा करतात, दरवर्षी धुळ्यात अशा गाड्यांचा मेळावा भरवतात आणि मूळ भाग कोणते, बदललेले कोणते हे तपासतात. या खेपेचा मेळावा आश्विनात होता आणि अमृतलालजींना गाडी तिथे न्यायची होती. हितेंद्रांचे उत्तर एका ओळीचे होते आणि ते जुन्या गाड्यांच्या मालकांच्या मोबाइल ग्रुपवर आले. सत्तर वर्षांचा पंप इतका चकचकीत असूच शकत नाही.

या ओळीने काम केले. गाडी आठ दिवस गॅरेजमध्ये होती. गेली तेव्हा ठिबकत होती पण चालत होती, आली तेव्हापासून बंद पडते. मूळ पंप जुन्या वस्तूंच्या बाजारात गेला आणि त्या जागी दुसरा बसला, असा हिशेब बाप-लेकांनी मांडला. तोंडावर कोणी काही बोलले नाही. अमृतलालजींनी फक्त निरोप पाठवला की यापुढे काम पोर्चमध्येच करा, गाडी बाहेर जाणार नाही. पोर्चमध्ये कॅमेरा होता, त्याचे तोंड गाडीकडे वळवले गेले. मनन प्रत्येक स्क्रूचा फोटो काढून ठेवू लागला.

कौतिकभाऊंनाही संशय होताच, फक्त दुसऱ्या दिशेने. मननला ही गाडी नको आहे, पोर्चमध्ये त्याला स्वतःची मोठी गाडी लावायची आहे, हे त्यांना ठाऊक होते. कोणीतरी मुद्दाम काही करते आहे असे त्यांनी धरले आणि पंपाच्या चारही स्क्रूंवर पिवळ्या रंगाचा बारीक ठिपका दिला, उघडले तर कळावे म्हणून. दुसऱ्या दिवशी मननने ते ठिपके पाहिले आणि त्यांचाही फोटो काढला.

फळीवरच्या चाव्या त्याच पंधरवड्यात कमी झाल्या. पहिली चावी न्यायला भुसावळहून प्रेमराजशेठ आले. भाचा गाडी शिकतोय म्हणाले. दुसऱ्याने विम्याच्या माणसाला दाखवायची आहे असे सांगितले. तिसऱ्याने कारणही दिले नाही, माणूस पाठवला. नऊपैकी सहा खिळे मोकळे झाले. अमृतलालजींची चावी त्या सहांत होती.

घरी सुगंधाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, हे सगळे ऐकले होते. एका सकाळी ताटात भाकरी वाढताना त्या म्हणाल्या, “जवय तुम्ही ऱ्हातस तवय गाडी बराबर चालस. तुम्ही नही ऱ्हात तवय बंद पडस. मंग तुम्हीच काहीतरी करतस.”

कौतिकभाऊंना राग आला. पहिल्यांदा त्यांना वाटले, बायकोही त्याच बाजूला गेली. भाकरी अर्धी टाकून ते उठले आणि गॅरेजमध्ये जाऊन बसले. दुपारपर्यंत तेच वाक्य डोक्यात राहिले आणि हळूहळू ते आरोपासारखे वाटेनासे झाले. आपण गाडीवर असताना काय करतो आणि अमृतशेठ काय करत नाहीत, हे त्यांनी एकेक आठवून पाहिले. क्लच तोच, गिअर तेच, रस्ता तोच. फरक एकच होता. ते दर दहा किलोमीटरला टाकीचे झाकण उघडत होते. अमृतशेठ उघडत नव्हते.

टाकीतून पेट्रोल जाते तेवढी हवा आत यावी लागते. ती येत नसेल, तर टाकी आतून ओढून धरते आणि पंपाला पेट्रोल उचलता येत नाही. झाकण उघडले की प्रश्न मिटतो. म्हणजे जो रोग ते शोधत होते तो ते स्वतःच प्रत्येक थांब्यावर बरा करत होते. झाकण उघडताना हवा आत गेल्याचा आवाज यायला हवा होता. महामार्गावर ट्रकच्या आवाजात, तसल्या कानाला, तो ऐकू आला नसेल.

पण हे असे जाऊन सांगण्यात अर्थ नव्हता. आता त्यांच्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार? त्यांनी अमृतलालजींना फोन केला आणि एवढेच सांगितले की येत्या रविवारी मला मागच्या सीटवर बसवून न्या. गाडी तुम्ही चालवा. मी कशालाही हात लावणार नाही.

रविवारी सकाळी गाडी निघाली. अमृतलालजी स्टिअरिंगवर, शेजारी मनन मोबाइल धरून. मागे कौतिकभाऊ आणि त्यांच्या बाजूला धनकुंवरबाई, अमृतलालजींच्या आई. वय शहाऐंशी, पांढरी साडी, दृष्टी अजून स्वच्छ. दिवसातला बराच वेळ त्या पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसतात. या सगळ्या प्रकरणात त्यांना कोणी काही विचारले नव्हते.

“मिस्तरी, हात मांडीवर ठेवा,” मनन म्हणाला. “व्हिडिओत दिसले पाहिजेत.”

“बांधूनच टाका ना,” कौतिकभाऊ म्हणाले. “माँजींच्या पदराची गाठ पुरंल.”

धनकुंवरबाई हसल्या, पुढचे दोघे हसले नाहीत. पाळधी गेली. चौथ्या किलोमीटरला गाडीने दोन आचके दिले आणि ती कडेला थांबली.

कौतिकभाऊ उतरले आणि हात मागे बांधून उभे राहिले. त्यांनी अमृतलालजींना इंजिनाचे झाकण उघडून पंपावरची पेट्रोलची काचेची वाटी पाहायला सांगितली. वाटी जवळजवळ कोरडी होती. मग टाकीपाशी जाऊन झाकण फिरवायला सांगितले. अमृतलालजींनी ते फिरवले. पितळी झाकणाखालून लांब सुस्कारा आला, इतका स्पष्ट की मननने मोबाइल तिकडे वळवला. कौतिकभाऊंनी झाकण बसवायला सांगितले. दहा-बारा वेळा चावी फिरवल्यावर वाटी भरली आणि गाडी सुरू झाली. वीस मिनिटे थांबावे लागले नाही.

“मग हे आधी का नाही सांगितलं?” अमृतलालजींनी विचारले. त्यांच्या आवाजात समाधान नव्हते. ज्याला उपाय ठाऊक असतो त्याला रोगही ठाऊक असतो, असा तो प्रश्न होता.

“आज पहिल्यांदा तुमच्या हाताने उघडलं,” कौतिकभाऊ म्हणाले. “माझ्या हाताने उघडलं असतं तर मानलं असतं का?”

टाकीला हवा देणारी एक बारीक नळी मागच्या डाव्या चाकाजवळ खाली उतरते. कौतिकभाऊ पोते पसरून आडवे झाले आणि बॅटरीच्या उजेडात पाहिले. नळीच्या तोंडावर बोराएवढी मातीची गोळी होती. वाळलेली, गुळगुळीत, थापून बसवलेली. गाडी उभी राहिली की त्या मातीतून हवा थोडी थोडी झिरपायची. गाडी आपोआप का बरी होत होती, तेही कळले. त्यांनी खिशातून तार काढली.

“काय आहे तिथे?” धनकुंवरबाईंनी खिडकीतून विचारले.

“कुंभारीण माशीचं घर आहे, माँजी. नळीच्या तोंडात.”

“हात लावू नका त्याला.”

कौतिकभाऊ तसेच आडवे राहिले. “तुम्हाला ठाऊक होतं?”

“पर्युषणात बांधलं तिनं. माझ्या खुर्चीसमोर. कुंडीतली ओली माती आणायची आणि त्या नळीला लावायची. मी कामवालीला सांगितलं, त्या बाजूला पाणी मारायचं नाही, झाडू लावायचा नाही. आत जीव आहे.”

“मला नाही सांगितलं.”

“तुम्ही इंजिनाचे मिस्तरी,” धनकुंवरबाई म्हणाल्या. “ते तर मागच्या चाकापाशी होतं.”

अमृतलालजी गुडघ्यावर बसले आणि वाकून ती गोळी पाहिली. मग त्यांनी विचारले की ही माती नक्की केव्हाची आहे. कोणाला विचारले ते कळले नाही. मनन म्हणाला, कॅमेऱ्यात पंधरा दिवसांच्या मागचे काही राहत नाही. त्याचा अर्थ कौतिकभाऊंना लगेच कळला. माणसाच्या बोटानेही माती लावता येते.

तार त्यांच्या हातात होती. एक टोचा दिला असता तर गाडी न थांबता एरंडोलच काय, धुळ्याला गेली असती. त्यांनी तार पुन्हा खिशात घातली.

“मी काढत नाही,” ते उठत म्हणाले. “ही जागेवर आहे तोवर माझं खरं आहे. काढली तर उद्या तुम्हीच म्हणाल, तिथं काही नव्हतंच.”

धनकुंवरबाईंना त्यांनी दया केली असे वाटले. त्यांनी हात जोडले. कौतिकभाऊंनी त्यांचा गैरसमज दूर केला नाही, पण त्यांच्याकडे एक गोष्ट मागितली. तुम्ही पाहिलंय ते तुमच्या मुलाला नीट सांगा, म्हणाले.

“अमृत,” धनकुंवरबाई म्हणाल्या, “मी माशीला माती आणताना पाहिलंय. चार दिवस. तेव्हा हे मिस्तरी आपल्या घरी नव्हते.”

त्या घरात आईच्या शब्दावर प्रश्न विचारत नाहीत, चातुर्मासात तर नाहीच. अमृतलालजींनी मान हलवली आणि गाडीत बसले.

पुढची अडचण मेळाव्याची होती. मातीला हात लावायचा नाही. झाकणाला सुईएवढे भोक पाडले तर काम भागले असते, पण झाकण मूळ पितळी, त्याला छिद्र पडलेले अमृतलालजींना चालणार नव्हते. झाकण सैल ठेवले तर खड्ड्यात गाडी आदळली की पेट्रोल सांडते. शेवटी कौतिकभाऊंचीच पद्धत उरली. दर दहा किलोमीटरला थांबा, झाकण उघडा, बंद करा.

आश्विनातल्या त्या रविवारी डाळीच्या बाजारातले एक प्रतिष्ठित व्यापारी जळगाव ते धुळे आठ वेळा गाडीतून उतरले आणि आठ वेळा टाकीचे झाकण फिरवून पुन्हा बसले. पारोळ्याच्या पुढे एका रिक्षावाल्याने थांबून पेट्रोल संपले का विचारले. अमृतलालजी झाकण घट्ट करून गाडीत बसले. गाडी एकदाही बंद पडली नाही. कौतिकभाऊ बरोबर नव्हते. त्यांना बोलावले होते, ते गेले नाहीत. मी असतो तर म्हणाले असते मीच चालवली, असे त्यांचे कारण.

धुळ्यात हितेंद्रांनी पंपाच्या खालच्या अंगाला अंगठा फिरवला, ओतीव आकडे वाचले आणि आपल्याकडच्या जुन्या पुस्तकाशी ताडून पाहिले. आकडे जुळले. पंप मूळचाच होता, फक्त घासलेला. त्यांनी तसा शेरा कागदावर लिहिला. ज्या ग्रुपवर त्यांनी आधी शंका लिहिली होती, तिथे हा शेरा कोणी टाकला नाही.

म्हणून सहा चाव्यांपैकी दोनच परत आल्या. प्रेमराजशेठ स्वतः आले, भाच्याचे शिकून झाले म्हणाले. कौतिकभाऊंनी भाचा कोणती गाडी चालवतो ते विचारले. प्रेमराजशेठांनी चहा मागवला.

दिवाळीनंतर धनकुंवरबाईंचा निरोप आला. मातीच्या गोळीला आतून भोक पडले होते. माशी उडून गेली होती, हे त्यांनी दोन दिवस पाहून पक्के केले होते. कौतिकभाऊ गेले. नळीत तार घातली, माती खाली पडली. फुंकर मारली तेव्हा टाकीत हवा गेल्याचे उजव्या कानाला ऐकू आले. काम पाच मिनिटांचे होते.

पडलेली माती त्यांनी गोळा केली, कापडी पिशवीत घातली आणि नेहमीप्रमाणे मालकाच्या हातात दिली. अमृतलालजींनी खिशातून गाडीची चावी काढून पुढे केली.

“राहू द्या तुमच्याकडेच,” कौतिकभाऊ म्हणाले. “मी येईन तेव्हा तुम्ही उघडा. उभे राहा आणि बघा.”

अमृतलालजींनी चावी परत खिशात ठेवली. आग्रह केला नाही. कौतिकभाऊ फाटकाबाहेर पडेपर्यंत ते पोर्चमध्ये उभे होते. मग त्यांनी पिशवीची गाठ सोडली आणि आत काय आहे ते पाहिले.